नियोजित टेशनावरचा गार्ड

मी टेशनावर नोकरीला लागलो तेव्हा आमच्या टेशनाला रूळ नव्हते. फलाट नव्हता, तिकिटाची खिडकी नव्हती, आनि गाडीचं तर नावच काढू नका. बोर्ड मात्र होता. दोन लोखंडी खांब, त्यांच्यावर आमच्या घराच्या दारापेक्षा मोठा निळा पत्रा, आनि पत्र्यावर पांढरी अक्षरं. बोर्डाखाली खाडीतून वर आलेले खेकडे फिरायचे. पॅसेंजर म्हनाल तर तेच.

ऐंशी सालाच्या पुढची गोष्ट. आमची भाताची शेतं मुरूम टाकून सपाट केली होती आनि त्यांच्यावर नवं शहर येनार होतं. शहर येईपर्यंत आमी काय करायचं ते कोनी बोललं नव्हतं, म्हनून आमी बघत बसायचो. बघत बसन्यात मी गावात एक नंबर. बाकीची पोरं अधनंमधनं उठायची तरी.

शाळेत मी गेलोच नव्हतो असं नाय. एकदा गेलो होतो, कौलं शाकारायला. त्यामुळं अक्षरं मला फक्त चेहऱ्यानं माहीत. रबाळ्याच्या एका कंपनीत लागलो होतो, तिथं ह्याच पायी एक दिवस टिकलो. जेवनाच्या सुट्टीत एका थंडगार टाकीला टेकून झोपलो. साहेब धावत आला, "बोर्ड दिसत नाय का तुला?"

मी बोललो, "दिसतो ना साहेब. त्याच्याच सावलीत झोपलोय."

बोर्डावर 'इथे थांबू नये' लिवलंय ते मला गेटाबाहेर आल्यावर कळलं. मंग मी पन ते पाळलं. परत गेलोच नाय.

तर टेशनाच्या बोर्डाला लागून एक बिल्डर बारा माळ्यांची बिल्डिंग उभी करत होता. खाली दुकानं, त्याच्यावर ऑफिसं, त्याच्यावर ऱ्हायचे ब्लॉक. सगळं एकावर एक, डब्यावर डबा ठेवल्यासारखं. ब्लॉक विकायला एक टायवाले साहेब बसायचे. ते मला पयल्याच दिवशी बोलले, "माणसानं वर राहायचं, मधे कामाला जायचं, खाली भाजी घ्यायची आणि बाहेर पडलं की स्टेशन."

मी विचारलं, "साहेब, सगळं बिल्डिंगीतच हाय तर टेशनावर कशाला जायचं?"

साहेब बोलले, "तू गेटवर जा."

अशी मला गेटावरची नोकरी लागली. खाकी शर्ट, खाकी पँट, काठी आनि शिट्टी. आमच्याकडं तेव्हा काठीवाल्याला वॉचमन बोलायचे आनि शिट्टीवाल्याला गार्ड. माझ्याकडं दोन्ही होतं. आता दोन्ही असल्यावर मानूस सोताला कमी कशाला सांगेल? मी गार्ड बोलायचो.

साहेबांची एक सवय होती. काय पन झालं की बोलायचे, "टेन्शन घेऊ नको." मला वाटायचं 'टेशन घेऊ नको' बोलतात. मी रोज हात जोडून सांगायचो, "कुठं घेतलं साहेब? अजून आलंच नाय." बरेच दिवस आमचं असं चाललं. साहेबांना वाटलं मी टोमना मारतोय. मला वाटलं साहेबांचा माझ्यावर चोरीचा संशय हाय.

आता बोर्डाची गोष्ट सांगतो, कारन माझं लगीन त्याच बोर्डावर लटकलं होतं.

बोर्ड लावायला आलेल्या सरकारी मानसाला मी विचारलं, "काय लिवलंय?" तो बोलला, "नियोजित रेल्वे स्टेशन." रेल्वे कळलं, टेशन कळलं. राह्यलं काय, तर नियोजित. मला वाटलं टेशनाचं नाव असेल. कुर्ला टेशन, ठाना टेशन, तसं नियोजित टेशन. मंग बघतो तर पुढच्या चिखलात दुसरा बोर्ड. तेच डोक्यावरून पदर घेतलेलं पयलं अक्षर. विचारलं, तर 'नियोजित शाळा'. त्याच्या पुढं बाभळीत 'नियोजित रुग्णालय'. तळ्यात, म्हंजे पान्याच्या मधोमध, 'नियोजित उद्यान'. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हे गावाचं नाव नाय, हा मानूस हाय! शाळा त्याच्या नावानं, दवाखाना त्याच्या नावानं, बाग त्याच्या नावानं, आनि ह्यातलं एक पन बांधलेलं नाय. म्हटलं, हा नक्की मंत्री.

तवापासून मी त्या बोर्डाला रोज सकाळी नमस्कार करायचो. मोठ्या मानसाशी संबंध असलेला बरा.

साहेबांच्या ऑफिसात काचेच्या पेटीत बिल्डिंगीचं मॉडेल होतं. बिल्डिंग हातभर, बाजूला टेशन, टेशनात बोटाएवढी गाडी, आनि तांदळाएवढी मानसं. सगळी मानसं गोरी. कोनाच्या डोक्यावर टोपली नाय, कोनी लुंगीवर नाय. आमचं गाव मी त्यात पुष्कळ शोधलं. जिथं आमचं घर असायला पायजे तिथं हिरवा कागद चिकटवलेला होता. साहेब बोलले, "ते लॉन आहे." घरी जाऊन आयेला सांगितलं, आपन लॉनवर ऱ्हातो. ती बोलली, "मंग पयले पाय धुव."

मॉडेल पुसायचं काम माझं. दाढीच्या ब्रशानं पुसायचो. एकदा ब्रश अडकला आनि टेशन उपटून हातात आलं. साहेब यायच्या आत गोंद लावून बसवलं. नंतर दिसलं, छप्पर खाली आनि पायऱ्या वर. पुढं कितीतरी रविवार दादर-गिरगावची शिकलेली मंडळी आली, पेटीवर वाकली, "वा, किती जवळ आहे हो स्टेशन" बोलली आनि उलट्या टेशनाशेजारी ब्लॉक बुक करून गेली.

त्यातले काही जन बाहेर येऊन विचारायचे, "नक्की कुठे येतं स्टेशन?" साहेब हात लांब करायचे, "ते काय, तिथं." तिथं एक म्हैस बसलेली असायची. मंडळी कपाळावर हात धरून बघायची. नवरा बोलायचा, "हां हां." बायको बोलायची, "कुठे?" नवरा बोलायचा, "अगं ते काय!" मंग ती पन "हां" बोलायची. कोनालाच अडानी दिसायचं नसतं. आपल्याला ती अडचन नाय, पन मी पन "हां" बोलायला शिकलो.

ह्या सगळ्यात माझ्या आयेनं माझ्यासाठी पोरी बघायला सुरुवात केली. सोयरिकी यायच्या आनि मला बघून जायच्या. शेवटी माझ्या मामानं एक ठिकान आनलं. उरनच्या बाजूला, द्रोनागिरीच्या डोंगराखाली. पोरगी सातवी पास. बापूस मिठागरावर. आमी बघायला गेलो. मी खाकी कपडे घालून गेलो, कारन दुसरे नव्हते.

पोरीच्या बापसानं मला खालीवर बघितलं. "पोरगा काय करतो?"

मी छाती काढून बोललो, "नियोजितसाहेबांच्या टेशनावर गार्ड हाय."

ह्यात एक शब्द खोटा असेल तर माझी जीभ झडो. त्या मानसानं आत बघून आवाज दिला, "चा नको. सरबत आना."

पोरगी सरबत घेऊन आली. तिनं माझ्याकडं बघितलं, मी सरबताकडं बघितलं. कारन तिच्याकडं बघितलं असतं तर गिलास सांडला असता. तो तसा पन सांडला. ती हसली. मला ती हसली तेवढीच पुरली. घरी येताना मी मामाला बोललो, ही नाय तर कोन नाय. मामा बोलला, "तुला दुसरी कोन देतंय पन."

साखरपुडा झाला. लगनाचा दिवस ठरला. मी हवेत होतो. आनि मंग मामा एक दिवस गेटावर आला, तोंड सुक्या बोंबलासारखं.

"तुजा सासरा येतोय गुरवारी."

"येऊ दे की."

"गारीत बसाला येतोय."

"कनच्या गारीत?"

"तुज्या."

मी बोललो, "माजी सायकल हाय, ती पन पंक्चर."

मामा खाली बसला. तेव्हा मला कळलं काय झालंय ते. त्या मानसानं जलमभर मिठागराच्या बांधावरून लांबची मालगाडी बघितली होती. शेवटच्या डब्यात हिरवा झेंडा घेऊन उभा असतो तो गार्ड, एवढं त्याला माहीत. आपल्या पोरीला तसला गार्ड नवरा मिळाला हे त्यानं अख्ख्या गावात सांगितलं होतं. आता त्याला जावयाच्या डब्यात उभं ऱ्हायचं होतं.

"खरं सांगून टाकू," मी बोललो.

"सांग नि बस मंग बिनलगनाचा! लगनाचा कार्य होऊ दे पयले, मंग बघू." मामानं आयेचं जुनं हिरवं लुगडं फाडलं, बांबूला बांधलं आनि माझ्या हातात दिलं. "यो धर. बाकी देव बघल."

मी साहेबांकडं गेलो. म्हटलं, "साहेब, टेशन गुरवारपर्यंत येईल काय?"

साहेब कपात बघत हसले. "हे बघ, आपण स्टेशन विकत नाही. आपण लगत विकतो. लगत आहे ना? झालं तर. टेन्शन घेऊ नको."

"कुठं घेतलं साहेब," मी बोललो आनि बाहेर आलो.

गुरवारी ते आले. सासरा नवी टोपी घालून, त्याची बहीन, आनि पाठीमागं पोरगी. मुंबईला शालू घ्यायला जायचं होतं, जावयाच्या गाडीनं फुकटात जाऊ, असा त्यांचा बेत. हातात भाकऱ्या आनि सुकटीची चटनी बांधलेली. मी गेटावर झेंडा घेऊन उभा. सासऱ्यानं पयले झेंडा बघितला.

"जावाय, झेंड्याला काठ कसा रं?"

मी बोललो, "मोठं टेशन हाय, आबा."

त्यानं मान हलवली. मंग इकडंतिकडं बघितलं. "नि गारी?"

मी साहेबांसारखा हात लांब केला. "ते काय, तिथं."

सासऱ्यानं कपाळावर हात धरला. लय वेळ बघितलं. आता 'हां' बोलेल, आता 'हां' बोलेल, म्हनून मी देवाचा धावा करत होतो. तो बोलला, "मना तं म्हस दिसते."

तेवढ्यात साहेब बाहेर आले. नवी टोपी बघितली, शालूसाठी आनलेली पिशवी बघितली, आनि त्यांना वाटलं गिऱ्हाईक. "या या काका, उन्हात कशाला?" बोलत सगळ्यांना आत घेऊन गेले. खुर्च्या दिल्या, थंडा मागवला. मी दारात झेंडा धरून उभा.

"बोला काका, काय बघताय?"

"गारी," सासरा बोलला.

"गाडीची सोय आहे की! खाली पार्किंग. एकदम ऐसपैस."

सासरा खूश झाला. "नि गार्डचा डबा?"

"गार्डची केबिन ना? ती गेटला. चोवीस तास गार्ड असतो. हा काय, हाच."

सासऱ्यानं माझ्याकडं मानानं बघितलं. मी घाम पुसला, झेंड्यानंच पुसला.

"मंग सुटते कवा?"

"सुटते? अहो, भराभर सुटतायत काका! वरचे तीन माळे तर गेलेच."

सासरा घाबरला. "गेले? कुठं गेले?"

आता साहेब घाबरले. त्यांनी घाईघाईनं सगळ्यांना मॉडेलपाशी नेलं. "इथं बघा. ही बिल्डिंग, हे स्टेशन आणि ही तुमची गाडी."

सासऱ्यानं काचेला नाक लावलं. बोटाएवढी गाडी बघितली. मंग मान वळवून मला बघितलं, डोक्यापासून चपलेपर्यंत. परत गाडी बघितली. आनि एकदम हळू आवाजात विचारलं, "नि यो बसतो कुठं?"

ऑफिसातला शिपाई हसला, टायपिस्ट बाई हसली, साहेब पन हसले. मला काय सुचेना. सुचलं नाय की मी जे करतो ते केलं. शिट्टी वाजवली. बाहेर म्हैस उठली आनि चालायला लागली. माझ्या शिट्टीनं गाडी सुटली नाय, पन म्हैस सुटली.

सासऱ्याला सगळं समजलं. त्यानं भाकऱ्यांचं गाठोडं उचललं. "चल गं बाय. चल पोरी. लगीन नाय व्हयाचं. गावान मी सांगलंय जावाय गार्ड हाय. यो तं दारावरचा हाय."

त्याची बहीन, म्हंजे पोरीची आत्याबाई, उठली. मी बांबू खाली टाकला. आपल्या जलमाचं आता काय ऱ्हायलं ते मला समोर दिसत होतं. आये, मी आनि लॉन. तोंडातून निघालं ते एवढंच, "आबा, मी खोटं नाय बोललो. नियोजितसाहेबांना इचारा पायजे तर."

साहेब बोलले, "कोणाला?"

"नियोजितसाहेबांना. टेशन त्यांचं हाय ना. बोर्डावर नाव हाय त्यांचं. शाळा पन त्यांची, बाग पन त्यांची."

कोनी हसलंच नाय. एवढं मोठं होतं ते, हसायला पन वेळ लागला. पयली हसली ती पोरगी. दारातून तिला बोर्ड दिसत होता. तिनं तो मघाशीच वाचला होता. पदराचा बोळा तोंडात कोंबला, तरी हसू बाहेर. डोळ्यांतनं पानी.

"बाबा," ती बापसाला बोलली, "नियोजित म्हंजी मानूस नाय. नियोजित म्हंजी व्हनार. अजून झालेलं नाय, फुडं कवातरी व्हनार."

मी विचारलं, "म्हंजे मंत्री नाय?"

"नाय."

"मी रोज नमस्कार करतो त्याला."

मंग आत्याबाई पन बसली हसत. सासरा मात्र हसला नाय. "हसू नको पोरी. टेशन नाय, गारी नाय, नि यो गार्ड हाय. कसला गार्ड?"

पोरीनं तोंड पुसलं. बापसाच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं आनि टेबलावर ठेवलं, साहेबांच्या कागदांवर. "बाबा, साखरपुडा झाल्यापासना गावातल्या मास्तरीनबाय मना काय हाक मारतान? नियोजित वधू. मी तरी कुठं झालेय अजून? टेशन नियोजित, मी नियोजित, नि यो नवरा पन नियोजित. मंग एकट्या टेशनालाच कशाला नावं ठेवताव?"

"ते सबूद रावदे. पोरगा येडा हाय त्याचा काय?"

"हाय की," ती बोलली. एवढं चटकन बोलली की मला वाईट वाटायला पन वेळ मिळाला नाय. "पन बाबा, नसलेल्या टेशनाला सोडून जो कुठं जात नाय, तो असलेल्या बायकोला सोडून कुठं जाईल?"

साहेबांना ह्यातलं काय कळलं देव जाने, पन त्यांना वाटलं सौदा फिसकटतोय. ते मधेच बोलले, "काका, नियोजित म्हणजे शंभर टक्के होणारच. मी शब्द देतो."

सासऱ्यानं साहेबांच्या टायकडं बघितलं, मंग माझ्या शिट्टीकडं. "तुजा सबूद कोन इचारतो रं," तो साहेबांना बोलला. मंग मला, "जावाय, तू सांग. येल काय गारी?"

खरं सांगायचं तर मला काय माहीत? बोर्डावर काय लिवलंय ते मला आत्ताच कळलं होतं. पन माझं टेशन होतं, माझ्याशिवाय त्याला होतं कोन? "येल तवा येल, आबा," मी बोललो. "आली का पयले तुमाला बसवतो. तोपरेंत मी हाय इथं. मना दुसरा काय येतंय?"

तो खुर्ची ओढून खाली बसला, गाठोडं सोडलं, एक भाकरी मोडली आनि अर्धी माझ्यापुढं धरली. "खा. उभा काय ऱ्हातो गार्डासारका."

सुकटीचा वास अख्ख्या ऑफिसात पसरला. त्या दिवशी आलेलं एक गिरगावचं जोडपं दारातनंच परत गेलं. साहेब मला काय बोलले नाय. बोलले ते एवढंच, की बोर्डाला नमस्कार करायचं बंद करू नकोस, लोकांना बरं वाटतं.

लगीन आमच्या दारात झालं. म्हंजे लॉनवर. साहेब आले होते, धवलारीन लगनाची गानी गात होती, ती त्यांना कळत नव्हती, तरी मान हलवत होते. सवय. अक्षता पडल्या, वाजप सुरू झालं. आमी दोघं सासऱ्याच्या पाया पडलो. त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, मंग माझा कान धरून जवळ ओढला. त्या गोंगाटात मला वाटलं आता काय तरी मोठं बोलेल, पोरीला सांभाळ वगैरे.

"तू झालास रं," तो बोलला. "आता टेशन राह्यला."